दहाचा गजर

जूनमध्ये आमच्या बेटावर रात्र होतच नाही.
सूर्य समुद्रात उतरतो, पाय भिजवतो
आणि परत वर येतो.
"अंधार पडला, निघते" असं म्हणायची
इथे सोयच नाही, हाल्लुर.
म्हणून आपणच लावला दहाचा गजर,
ठरवून, शुद्धीवर असताना, भर दुपारी,
मासळीच्या कारखान्याबाहेर,
हातांना कॉडचा वास येत असताना.
(त्या वासात कुणाला मोह सुचतो!)

साडेदहाला मार्यून विचारते,
"घरी?"
मी लिहिते, "घरी."

गुरुवारी नव्हते.
बंदरावर तुझी गाडी, ऊबदार सीट,
काचांवर आपल्याच श्वासांचं धुकं.
गजर वाजला. तू बोटाने गप्प केलास.
मीही गप्प.
साडेदहाला लिहिलं, "घरी."
तिने लाल बदाम पाठवला.

खरं सांगू? तुझ्या ओठांचं नाही एवढं लागलं.
त्या दोन अक्षरांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही.
किती सहज उतरली ती बोटांतून,
जशी माझ्या तोंडून निघतात
कारखान्यात पाठीमागे कुणाची उणीदुणी,
किंवा पहाटे दोनला अंथरुणात
फोनवर अंगठा सरकत राहतो, सरकतच राहतो.

सकाळी तुझ्या काकांचा निरोप:
वरचा गडगा ढासळलाय, मेंढ्या आत.
हिवाळ्यासाठी राखलेलं गवत
निवांत चरत होत्या, अपराधी वगैरे कुणी नाही.
काका रागावले नाहीत त्यांच्यावर.
एकीला कानामागे खाजवलं
आणि फाटकातून बाहेर काढलं.

तू मोठे धोंडे उचललेस,
मी फटींत चपटे बसवत गेले.
माझ्याकडे न बघता म्हणालास,
"यापुढे गजर तुझ्या फोनवर ठेव.
मी बंद करतो."
"मीही केला असता," म्हटलं.
एक दगड तीनदा फिरवून पाहिला,
तेव्हा कुठे बसला.

घरी येऊन मार्यूनला खरं ते लिहिलं.
उत्तर आलं: "माहीत आहे. गाडी दिसली होती."
आणि खाली: "उद्याही विचारणार."

शनिवारी धक्क्यावर गजर वाजला.
तुझा हात सोडला, तशी बोटं गार पडली.
ऊन अजून डोंगरावर होतं.
एकटीच चढ चढले.
तू हवा असणं चाललं माझ्याबरोबर,
कुठेही गेलं नाही ते.

"घरी?"
"चढावर. पोचतेय."