एकवीस प्रती

तांबट लेनमध्ये ती वजनावर निघाली होती,
पावणेचार किलो, मोडीच्या भावात.
दामूअण्णा वडक्यांनी अंगठ्याने काजळी पुसली
आणि तांब्यातून एक कान वर आला,
मग पर्णकुटीचा कूड, मग सुरी.

अण्णा चौतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
तिथे एक कागद कमी भरला
की मोजणी पुन्हा, आणि गेट बंद.
अजून पोळ्या वाढल्या तरी
ओठ हलतात त्यांचे.

यंत्र माडीवर बसवलं.
मी शाई भरते, जाळीच्या फडक्याने पुसते,
मग खडू लावलेल्या तळहाताने.
हलकं, अण्णा म्हणतात,
तापलेलं कपाळ बघतेस तसं.
ओला कागद, वर नमदा, चाक फिरतं,
पंचवटी उलटी होऊन बाहेर येते:
तांब्यात डावखुरा असलेला लक्ष्मण
कागदावर उजव्या हाताने
शूर्पणखेचं नाक कापतो.

गिऱ्हाईक मुंबईचं. प्रती एकवीस,
खाली पेन्सिलीने आकडा,
आणि शेवटी तांब्यावर एक चरा,
बाविसावी कुणी काढू नये म्हणून.
करारात तसं लिहिलंय.

पहिल्या सातांत जखम काळीभोर.
दहावीत राखाडी.
ज्याने कोरलं त्याने वडाची पानं खोल खणली,
सीतेच्या पदराचा काठही खोल,
पण या बाईच्या नाकावर
कोरणी नुसती टेकवलेली.
हात कचरला असेल,
किंवा दिवेलागण झाली असेल.

सतरावीला मी भिंग मागितलं.
एकविसावीत नाक धड होतं.
सुरी होती, रामाचं बोट होतं,
आणि ती उभी,
कोण एवढं ओरडतंय, अशा चेहऱ्याने.

"गावाचं नाव बदलावं लागणार,"
अण्णा म्हणाले, आणि हसले नाहीत.

चरा कुठे, ते करारात नव्हतं.
कोपरा ते कोपरा ओढला असता
तर तिच्या तोंडावरूनच गेला असता.
अण्णांनी कोरणी लक्ष्मणाच्या मनगटावर ठेवली
आणि सुरीच्या टोकापर्यंत ढकलली.
तांब्याचा एक कुरळा केस निघाला.
तो त्यांनी फुंकरीने उडवला नाही,
चिमटीत धरून खिशात टाकला.

मग मोजणी.
पंचवीस कागद भिजवले होते.
एकवीस चांगल्या, दोन डागाळलेल्या, एक चाचणीची.
पुन्हा मोजले. चोवीसच.
खाली गंगेवर आरतीची घंटा सुरू झाली.
मी नखांतली शाई घासत बसले,
मान वर न करता.

अण्णा बराच वेळ उभे होते.
मग जाऊन
दाराची कडी त्यांनीच काढली.