साडेचारशे पुला

माझ्या खात्यावर तीन हेडफोन मेलेत.
पहिला डाव्या कानानं गेला,
वायर वाटीत शिरते तिथंच, नेहमीसारखा.
दुसरा रिगच्या पायरीवरून पडला
आणि त्याची कमान काडीसारखी मोडली.
तिसऱ्याच्या पोटात कालाहारी शिरलं:
पिठासारखी बारीक वाळू,
प्रत्येक सुरामागं कुणी दातओठ खातंय अशी.

आम्ही विंधणविहिरी खणतो, कांगपासून गांझीपर्यंत.
दिवसभर लोखंड खडकावर आदळतं.
लोक विचारतात, ओआराबिले,
एवढ्या दणदणाटानंतर रात्री पुन्हा दणदणाटच ऐकतेस?
त्यांना कसं सांगू,
रिगला ताल नसतो. नुसता जोर असतो.

आमच्याकडं पैशाचं नाव पाऊस. पुला.
पडला तर पडला.
या महिन्यात आईची औषधं, भाडं, भावाची फी
वाहून गेल्यावर
तळाशी साडेचारशे साचले.

थुसोच्या दुकानात काचेआड निळे दिवे लुकलुकत होते.
"हा घे. बेस असा की छातीत गुरांचा कळप धावेल."
म्हटलं, कळप नको. मला खूर हवेत.
एकेक, सुटे, मोजता येतील असे.
दोन्ही हातांनी कमान फाकवली, प्लास्टिक कुरकुरलं.
विचारलं, याचे स्क्रू कुठं आहेत?
थुसो हसला. "स्क्रू कशाला? सगळं चिकटवलेलं आहे."
चिकटवलेलं म्हणजे एकदाच मरणारं.
तरी डोक्यावर चढवून पाहिला:
बळी तो कान पिळी.
चारशे वीस.
ठेवला परत.

कान टोचायला सोनारच लागतो.
खाटकाच्या मागं, पत्र्याच्या खोलीत
सेबिना म्हातारा रेडिओ उघडून बसलेला,
बोटांवर डाक दिल्याचे डाग.
त्यानं खोक्यातून एक काढला,
बंद पडलेल्या रेडिओ केंद्रातला,
वीस वर्षं हवामान आणि मृत्यूच्या बातम्या ऐकलेला.
काळा, कुरूप, कमानीला चिकटपट्टी,
वाट्यांवरचं कातडं सापासारखं सुटलेलं.
पण वायर बाहेरून खोचायची,
तुटली तर वायर बदला, बाकी तसंच.
आणि प्रत्येक वाटीला चार स्क्रू,
गंजलेले, पण फिरणारे.
दोनशे ऐंशी.

"ऐकून तर बघ," म्हणाला.
मोबाइलवर आमचंच गाणं लावलं,
शेळ्यांच्या गोठ्यात मुद्रित केलेलं,
बँड फुटायच्या आधीचं.

दोन वर्षं मी सांगत आले, गाओने धावतो.
ड्रमवर बसला की पाय ताब्यात राहत नाहीत त्याचे.
चारचौघांत म्हटलं, चामड्याची जाकिटं घातलेल्या
अख्ख्या जमावासमोर.
तो काठ्या काखेत मारून निघून गेला,
फ्रान्सिसटाउनला, टायरच्या दुकानात.

आता ऐकलं.
आधी एक शेळी. मग त्याचा श्वास.
मग दोन्ही पाय,
खूर, खूर, खूर, खूर,
एकही दुसऱ्यावर पडत नव्हता.
आणि बेसवर मी,
प्रत्येक वळणावर केसभर मागं,
सुटलेल्या बसमागं पिशवी सांभाळत
पळणाऱ्या बाईसारखी.

गाणं पुन्हा लावलं. पुन्हा तेच.
स्वस्त हेडफोन इतकी वर्षं
माझ्याच बाजूनं बोलत होते.

"नीट वाजतो ना?" सेबिनानं विचारलं.
"हो," म्हटलं, "जरा जास्तच."

रात्री जुन्या जाकिटाची बाही कापली,
वाट्यांना कातडं शिवलं.
सुई दोनदा बोटात गेली.
पन्नासला एक जादा वायर आणलीच होती,
उरलेल्यातले वीस फोनमध्ये भरले.
गाओनेचा नंबर मी "धावऱ्या" म्हणून ठेवलेला.
आधी ते नाव बदललं.
मग फोन लावला.