ठिपका

सोसायटीने ठराव घातला, सह्या-अंगठे मिळून एकोणीस:
तलावावरच्या पाखरांची नोंद ठेवायला
शेवंता मांढरेला एक कॅमेरा घेऊन द्यावा.
सव्वीस हजारांच्या आत. पावती आणावी.

गोंदियाच्या दुकानदाराने काचेवर दोन्ही मांडले
सोनार मांडतो तसे.
एक मोठा, काळा, डीएसएलआर,
लेन्स वेगळी, बॅग वेगळी,
पट्टा गळ्यात घातला की मान आपोआप खाली.
दुसरा कॉम्पॅक्ट, साबणाच्या वडीएवढा.

मी विचारलं, ओल्या हातानं कोणता चालते?
तो हसला. ओल्या हाताने फोटो कोण काढतं बाई?
मी दोन्ही हात काचेवर ठेवले.
बोटांच्या पेरांना चिरा, नखांत बोडीचा गाळ,
अंगठ्यावर जाळ्याच्या दोराची जुनी खाच.
मग तो हसला नाही.

मेगापिक्सेल त्याने समजावले, मी ऐकून घेतले.
माझा हिशोब दुसराच चालला होता:
पहाटे साडेचारला कमरेइतक्या पाण्यात
एक हात दोराला, एक तोल सांभाळायला.
मोठ्याला आणखी दोन लागतात,
ते कुठून आणू?
लहान पोलक्यात राहील, पन्नीत गाठ मारून.

पण लहान दाबला की थांबतो,
सुनेला पैसे देताना सासरा थांबतो तसा,
तेवढ्यात पाखरू गेलेलं असते.
फोटोत नुसतं पाणी
आणि पाण्यावर गेल्याची वळी.
मोठा थांबत नाही. खटखटखटखट,
शंकरपटात जोडी सुटावी तसा.

"डोळ्याला लावून तर पाहा," तो म्हणाला.
लावला.
रस्त्यापलीकडे ओट्यावर एक शिवणारी बाई
सुईत दोरा ओवत होती.
टोक तिने ओठांत धरलं,
आणि मला ते ओलं झालेलं टोक दिसलं.
हनुवटीवरचा तिचा एकुलता केस दिसला.
मी झटकन कॅमेरा खाली केला,
कुणाच्या घरात
न खाकरता शिरल्यासारखं झालं.

लहान घेतला.
उरलेले पैसे परत दिले, पावतीसकट.
फागू म्हणाला, शेवंते, सस्तातलं पाहून आलीस.
मी काही बोलले नाही. त्याला त्या बाईचं काय सांगणार?

पोळा चार दिवसांवर आला असताना
देवधानात सारस दिसले, तीन बांध्या पलीकडे.
सारसाच्या जवळ जायचं नसते.
मी होते तिथेच उभी राहिले,
जळवांना लागायचं तर लागू दिलं.
दाबलं. तो थांबला. मी थांबले.
तेही थांबले, कसे कोण जाणे.

साहेबांनी संगणकावर फोटो मोठा केला,
मग अजून मोठा,
इतका की हिरवे-राखाडी चौकोनच उरले.
म्हणाले, हे दोन ठिपके. खताची रिकामी पोतीही असू शकतात.
आणि तुम्ही लिहिलंय तीन. तिसरा कुठे आहे?

तेव्हा मोठ्याची आठवण आली,
आपणच नाही म्हटलेल्या स्थळाची येते तशी,
पुन्हा पुन्हा, आणि कुणाला सांगता येत नाही.

मी वही पुढे केली.

फोटो क्रमांक ४१.
डावा ठिपका मादी, मान खाली.
उजवा नर, माझ्याकडे पाहत होता, पाहू दिलं.
तिसरं फोटोत नाही. विटकरी पिल्लू,
आईच्या पायांमागे,
उजवा पाय टेकवताना अडखळते,
काटा असेल.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
एवढ्या लांबून पाय कसा दिसला हो तुम्हाला?

जी, ते चालत होतं तेव्हा
मी कॅमेरा पोलक्यात ठेवून दिला होता.