अर्थिंग, नग तीन

सोनपेठला बसस्टँडच्या मागं
चतुराबाई घनवटांची शेवयांची मशीन.
एप्रिलात बाया रव्याचे डबे घेऊन नंबर लावतात,
वर पत्र्यावर आठ प्लेटा, त्यांच्यावर खाली सगळं चालतं.

मला बोलावलं, कारण मशीन चावत होती.
"मुंग्या येत्यात हो. ओला हात लागला
तर थेट कोपरापर्यंत."
रांगेतून कुणी म्हणालं, देवीचं काही राहिलं असंल.
राहिलं होतं. देवीचं नाही.

बिल मागितलं. घड्यांवर फाटलेलं,
शेवटून दुसरी ओळ: अर्थिंग, नग तीन.

पत्र्यावर चढलो, चपलेतून तळवे भाजत.
चौकटीपासून हिरवी वायर निघालेली,
पन्हाळीच्या कडेनं शहाण्यासारखी उतरलेली,
क्लिपा मोजून मारलेल्या,
मशीनचीही वाटेत तिलाच जोडलेली,
आणि जमिनीच्या वीतभर वर
विटेच्या फटीत शिरून
संपलेली.
वेटोळं करून कोंबलं होतं टोक.
तीन अर्थांतला एकही लागेना.

मेन पाडला, पण सूर्याला कुठं खटका असतो?
प्लेटांवर घरातल्या गोधड्या अंथरल्या,
मग वायरीला हात लावला.

खड्डा मुंजाजीनं घेतला.
वर काळी, भेगेत मूठ जाईल अशी,
खाली मुरूम, मग पहार वाजायला लागली.
पाईप. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
"भुईचं लोणचं घालता का काय?" बाया हसल्या.

लांब दोन सुळके ठोकून मीटर लावला.
एकेचाळीस.
पाचाच्या आत पाहिजे.
कोरडी भुई कुणाचं काही पोटात घेत नाही.

"पाणी लागंल," मी म्हणालो,
आणि हसणं थांबलं.
टँकर गुरुवारी. तो सोमवार होता.

चतुराबाई आत गेल्या.
परात धुतलेलं पांढुरकं पाणी आणलं, ओतलं.
मग रांगेतल्या एकीनं डब्याची विसळण.
मग दुसरीनं. कपडे खळबळलेली एक बादली, निळसर.
एकोणीस.
अकरा.
कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्या काट्याकडं बघत होत्या.
साडेचार.

गोधड्या काढल्या. चतुराबाई ओला हात घेऊन निघाल्या,
म्हटलं थांबा, आधी मी.
पालथी बोटं टेकवली.
नुसतं लोखंड. उन्हानं कोमट.

पावतीवर लिहिलं:
अर्थिंग, नग एक.
राहिलेले दोन वळवाच्या विजा यायच्या आत.
खड्ड्याला रोज बादलीभर पाणी.
वापरलेलं चालेल.