मऊ लाकूड

भद्रकालीतल्या माझ्या कारखान्यात
पहिल्यांदा आला तेव्हा खैरनार चीफने
सागाकडे पाहिलंसुद्धा नाही.
अंबडच्या कंपन्यांत मशिनींसोबत येतात ना,
त्या खोक्यांचं पाइन, फिकट, गाठाळ,
आम्ही बंबात घालतो ते,
उचलून नखाने दाबून बघितलं. म्हणाला,
याच्या साठ खुंट्या. निमुळत्या.
करंगळीपासून मनगटापर्यंत.
पॉलिश नको. रंधाही नको.

मी हसलो. चीफ, नाशकात जहाज कुठं लागलंय?
रामकुंडावर?
तो हसला नाही. ॲडव्हान्स दिला, पावती मागितली.

पोतं त्याने जिन्याखाली टांगलं, मीटरच्या पेटीशेजारी.
दर रविवारी पार्किंगमध्ये बिल्डिंगची पोरं,
डोळ्यांवर रुमाल, हातात दोरी.
एकोणीस वेळा चुकली गाठ, तर विसाव्यांदा.
"उजेड पहिला जातो," एवढंच सांगायचा,
"मग बोटांनाच विचारायचं."
आया गॅलरीतून ओरडायच्या, उद्या परीक्षा आहे हो.
टाकीचा व्हॉल्व्ह कुठे, मेन स्विच कुठे,
कितव्या पायरीचा टवका उडालाय,
सगळं पोरांना पाठ. पाढे नव्हते.

एकदा, एकदाच, चहा पिताना बोलला.
लोणावळ्याला एक लोखंडी खोली होती, हलणारी.
भिंतीतून अंगावर पाणी सोडायचे, थंडगार,
वरून दिवे घालवायचे.
आम्ही इन्स्ट्रक्टरच्या सात पिढ्या उद्धरायचो.
पुढे खऱ्या समुद्रात, रात्री दोनला पाइप फुटला
तेव्हा हात आपोआप पोत्याकडे गेला.
बिजू नावाचा पोरगा भोकावर गादी लावून
पाठीने दाबत उभा राहिला, पाऊण तास,
छातीपर्यंत पाणी,
आणि मी टेकूचं माप घेत होतो.
चुकलं असतं तर पुन्हा करवत चालवायला वेळ नव्हता.
"तू सुतार आहेस, तुला कळेल."
मला कळलं. मी खिशातली पट्टी काढून
उगाच तिचे आकडे बघत बसलो.

मग त्या वर्षी गंगापूर धरणाचं पाणी सोडलं.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं, कुणी सांगत आलं.
काठावरच्या गल्लीत, सौंदाणकर बाईंच्या प्रसूतिगृहात
नदी दारातून नाही आली.
तळघरात, मोरीच्या जुन्या पाइपातून उलटी आली,
जनरेटरपासून दोन हातांवर.
वर तीन बाळंतिणी. चौथीला टेबलावर घेतलेलं.

मी सागाची मेख ठोकली. माझा सागावर भरवसा.
ती बसली, आणि भोवतीने पाणी
तसंच पिचकारत राहिलं.
चीफने ती उपटली.
पाइनच्या खुंटीला दुपट्याचं फडकं गुंडाळलं.
"हळू. फोडू नकोस. बसव."
मग म्हणाला, आता थांब.

पाण्यात उभं राहून थांबायचं
मला कुणी शिकवलं नव्हतं.
लाकूड पाणी पीत होतं. फुगत होतं.
ज्याला मी हलकं म्हणून जाळायचो
ते भोकाच्या आकाराचं होत होतं.
धार बारीक झाली. मग नुसती ओल.

पलीकडच्या भिंतीची भेग मात्र ऐकेना.
तिथे फळी, फळीला टेकू, टेकूखाली पाचरी,
आणि सातवीतला शाहबाज
पंपाची दोरी बांधत होता डोळे मिटून,
टॉर्च चालू असताना.

औषधं गेली. रजिस्टरं गेली.
जनरेटर उजाडेपर्यंत चालला.

पाणी ओसरल्यावर ती खुंटी निघेचना.
गवंड्याने तिच्यावरूनच सिमेंट ओढलं.

चीफ आता मुलीकडे असतो, भुसावळला. गुडघे गेलेत.
फोनवर विचारतो, किती उरल्यात?
एक्केचाळीस, मी सांगतो.
"नवीन कर. जुन्या वाळून तडकतात."
हो म्हणतो.
अंबडहून खोकी आली की बंब तापायच्या आधी
एकेक फळी
नखाने दाबून बघतो.