खांब क्रमांक ४१७

दिवाबत्ती खात्यात अंधार ही तक्रार असते.
तिला छापील फॉर्म, लाल शिक्का,
अठ्ठेचाळीस तासांची मुदत.
उजेडाबद्दल तक्रार करणारा
अकरा वर्षांत एकच निघाला:
बस्त्याव घोन्साल्विस, वेधशाळा, मनोरी टेकडी.
दर मार्चला पत्र. निळी शाई.
‘खांब क्र. ४१७ फार दिसतो.’

साहेब म्हणाले, मॅडम, एकदा जाऊन या
आणि फाईल बंद करा.

मार्वेच्या धक्क्यावरून संध्याकाळची बोट.
पलीकडे वलांडीवर बोंबील,
एकमेकांचे जबडे धरून वाळत पडलेले.
चढणीवर मागे वळून पाहिलं तर
मालाडपासून बोरिवलीपर्यंत आकाश
चहाच्या गाळलेल्या पुडीच्या रंगाचं.
त्यातला थोडा रंग माझ्या सहीचा.

घुमट कुणा कापूसवाल्या शेटच्या ट्रस्टचा.
भोकांना शिडाचं कापड, चाकांना मुशीचं तेल.
मोटर कधीच गेली.
‘खांदा द्या, बाय,’ बस्त्याव म्हणाला,
मग हसला, ‘तसला नव्हे.’
आम्ही दोघांनी रेटलं. आकाशाची फट
करकरत दक्षिणेला सरकली.

दुर्बीण म्हणजे नळी, अशी माझी समजूत.
हा तर नुसता सांगाडा, बैलगाडीएवढा,
आणि तळाशी चोवीस इंची आरसा,
उन्हाळ्यातल्या विहिरीत खोल पाणी असावं तसा.

‘वीस मिनिटं काही बघू नका.
डोळ्यांत अंधार मुरू द्या.’
मी सवयीनं मोबाइल काढला.
‘आता परत पहिल्यापासून,’ तो म्हणाला.

मग शिडी. मग थंड काचेला डोळा.
एक तारा, विटकरी. बाजूला दोन, साधे.
‘मधला डाव्यापेक्षा मंद आहे का?’
जरासा.
‘जरासा म्हणजे किती?’
वीस वर्षं वॅट मोजत आले मी,
मला सांगता येईना.

एकतीस वर्षं त्याचा हा एकच तारा.
तीनशे दिवसांत विझत येतो,
विझत नाही, पुन्हा चढतो.
वह्या बिस्किटांच्या डब्यात, वाळवीच्या भीतीनं.
लग्नाच्या रात्रीचीही नोंद आहे.
बायको गेली त्या रात्री, जानेवारीत, नुसतं ‘ढग’.
आणि अकरा वर्षांपासून,
तारा दक्षिणेला कलला की, पानामागून पान:
खांब. खांब. खांब.

त्या रात्रीच्या ओळीत त्यानं माझा आकडा लिहिला.
पुढे माझं नाव, ळ जरा चुकलेला.

चार वाजता उतरले. खांबाखाली फिलू,
पाट मांडून, कोयत्यानं मांदेली साफ करत.
‘दिवा काढायला आलात?’
तिनं वर पाहिलंही नाही.
‘याच्याआधी इथं माझ्या लेकीला फुरसं चावलं.
अर्ज आम्हीच केलेला. अंगठे आमचेच.’
ते अंगठे मला आठवले.
मंजुरी माझी होती.

ऑफिसात फॉर्म समोर घेऊन बसले.
उजेड जास्त, असा रकानाच नाही.
‘इतर’मध्ये लिहिलं: दिव्याला वरून झाकण हवं.
साहेबांनी विचारलं, झाकण कुठल्या हेडखाली?
फाईल वर गेली. वरच राहिली.

मेमध्ये पोस्टकार्ड आलं. निळी शाई.
‘फिलूच्या जावयानं गोड्या तेलाचा डबा कापून
दिव्यावर बसवला आहे.
बेकायदेशीर आहे, तरी कळवतो.
काल मधला डाव्याच्या बरोबरीला आला.
तुम्हाला जरासा वाटला होता, तो बरोबर होता.’

तिमाही तपासणीचा तक्ता भरताना
खांबांच्या यादीवरून बोट खाली नेलं.
४१५, बल्ब गेलेला.
४१६, वायर लोंबते.
४१७,
इथं जरा थांबले, पेन झटकलं,
लिहिलं: सुस्थितीत.