साडी न मिळालेलं रीळ

मानवतच्या साडेतीनशे घरांच्या भिंती मला पाठ आहेत.
मीटरचा फोटो काढायला दोन मिनिटं लागतात,
पण दार उघडलं की आधी भिंत दिसते.
पिस्ता, क्रीम, फिकट गुलाबी,
क्रीम, क्रीम, परत पिस्ता.
एका वकिलाकडं चॉकलेटी आहे एक,
तीही दिवाणामागं दडवलेली.
आमचीही क्रीम. सतरा वर्षं.
मळखाऊ म्हणून घेतलेली,
तिनं मळ खाल्ला, आणखी काही केलं नाही.

कुसावर्ता फॉल-पिको करते.
तिच्या पत्र्याच्या डब्यात दीडेकशे रिळं,
त्यात एक असं की अकरा वर्षांत
त्याच्या जोडीची साडीच आली नाही.
निळीपाशी धरावं तर हिरवट,
हिरवीपाशी धरावं तर निळं,
मोरपंखीपाशी तर अगदीच परकं.
दसरा झाला आणि तिनं ते रीळ
माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं.
"ह्याला साडी मिळंना. भिंत तरी मिळू द्या."

मुंदडाशेठनं दुकानात कार्ड उलगडलं,
दोऱ्याचं टोक एकेका पट्टीवर ठेवत गेला
आणि थांबला. "सायन."
मी म्हटलं, सायन तर मुंबईत आहे.
तो हसला नाही.
"एकाच भिंतीला द्या, हायलाइट. चारी कोण करतं?"
मी घरी फोन लावला.
"चारी," कुसा म्हणाली. "अन् देवळी पण."

रज्जाक पेंटरनं डबा उघडला, काडी फिरवली,
बराच वेळ आत बघत राहिला.
"भाबी, ये तो आँख में घुसता."
"घुसू द्या की. इतके दिस काय घुसलंय डोळ्यात?"
पहिल्या हाताला भिंत आजारी दिसली,
पट्ट्यापट्ट्यांची. मी मनातल्या मनात पैसे मोजले.
दुसऱ्या हातानंतर रज्जाकनं चहा मागितला,
दवाखान्याचं पथ्य मोडून, साखरेचा.

मग बघायला लोक आले.
गल्लीच्या दोन टोकांना दोन झेंडे आहेत,
दोन्हीकडच्यांनी रंग आपल्याकडं ओढून पाहिला.
"निळाय का हिरवाय, एकदाचं सांगून टाका."
कुसा सुईत दोरा ओवत होती.
"भिंत हाय," म्हणाली.
मेव्हण्याला वाटलं, पाण्यासारखी झालीय खोली.
"टँकरचं पाणी बघितलं का कधी? मातकट असतंय."

आता काय, तर
भाकरी पहिल्यापेक्षा पांढरी दिसायलीय.
पितळी तांब्या उगीच मिरवतो.
संध्याकाळी ट्यूब लागली
की आम्ही दोघं जरा तापातून उठल्यासारखे दिसतो,
हेही खरं आहे. सवय होतेय.
कपाटामागं रज्जाकचा ब्रश पोचलाच नाही,
तिथं वीतभर क्रीम तशीच आहे.
मी कुसाला सांगितलेलं नाही.
तिनं मला सांगितलेलं नाही.

परवा रिंगरोडच्या मागं, नेहमीचं घर.
क्रीम. मीटर जिन्याखाली.
वच्छलाबाईंनी बिलाबद्दल काही विचारलं नाही.
पदराला हात पुसत, आवाज खाली घेऊन म्हणाल्या,
"ते रीळ तुमच्यापाशी हाय म्हणं?"

घरी येऊन कुसाला विचारलं, देऊ का?
तिनं मशीन थांबवलं नाही.
"सगळं नगा देऊ. वीतभर तोडा.
एका घराला तेवढा लई झाला."